पंखा ‘डायरेक्ट’ करण्याची महाग सवय

गाडी गरम होते अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्याला मुंबईच्या उपनगरांत एक उपाय हमखास सुचवला जातो : ‘फॅन डायरेक्ट करून टाकू.’ रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्याला कधी फिरायचे आणि कधी थांबायचे हे सांगणारी जी व्यवस्था कारखान्यातून आलेली असते, ती बाजूला सारायची आणि पंख्याची वायर थेट इग्निशनला जोडायची. चावी फिरवली की पंखा सुरू, चावी काढली की बंद. गिऱ्हाईक जरा चोखंदळ असेल तर डॅशबोर्डखाली एक खटका बसवून मिळतो. काम थोड्या वेळाचे, पैसे बेताचे, आणि तापमानाचा काटा लगेच खाली येतो, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. माझ्या मते त्याने दुखणे फक्त झाकले जाते. विजेच्या पंख्याचे सगळे मोल तो वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर थांबतो यात आहे. तेवढेच काढून घेतले तर हाती उरतो तो जुन्या पट्ट्यावरच्या पंख्याहूनही बेभरवशाचा पंखा.

भांडुपसारख्या ठिकाणी ही तक्रार इतकी वारंवार का येते, हे आधी पाहायला हवे. रेडिएटरला थंड करते ती त्याच्या जाळीतून जाणारी हवा. गाडी पूर्व द्रुतगती मार्गावर ताशी ५०-६० किलोमीटरने धावत असते तेव्हा समोरचा वाराच पुरतो, पंख्याला काही काम नसते. पंखा लागतो तो उभ्या किंवा रांगणाऱ्या गाडीला. आणि लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड, हा भांडुपमध्ये बऱ्याच वेळा उभ्या गाड्यांचाच रस्ता असतो. मुळात अरुंद, दोन्ही अंगांना दुकाने, त्यात गेली काही वर्षे वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ च्या कामाने खाल्लेली जागा. स्टेशनकडून टेंभीपाडा, तुळशेतपाडा, खिंडीपाडा अशा डोंगरकडच्या वस्त्यांकडे वळले की चढ लागतो. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पुरेपूर भार आणि समोरून वारा जवळजवळ शून्य. नुसती उभी राहून चालू असलेली छोटी पेट्रोल मोटार तासाला साधारण पाऊण लिटर इंधन जाळते. त्यातल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा कूलंटमध्ये उतरतो असे धरले, तरी दोन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे बाथरूममधल्या गीझरइतकी उष्णता रेडिएटरला अखंड बाहेर टाकावी लागते. एसी चालू असेल तर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेल्या कंडेन्सरची उष्णता त्यात मिसळते. बाहेरची हवाही मदतीला येत नाही. मार्चमध्ये समुद्राकडचा वारा उशिरा सुटला की उपनगरांत पारा पस्तिशीच्या पलीकडे जातो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. तेव्हा या रस्त्यावर पंखा हा इंजिनाचा जीव आहे, याबद्दल वाद नाही. तो चालवायचा कसा, एवढाच प्रश्न आहे.

पूर्वी तो इंजिनच चालवीत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच रस्त्यावर, खाली कुर्ल्याला होता. तिथली फियाट आणि पुढची प्रीमियर पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या तोंडाशी, पट्ट्यावर फिरे. रचना साधी, दुरुस्ती सोपी. पण तिच्यात एक जन्मजात उफराटेपणा होता. इंजिन हळू तर पंखा हळू. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असते, हवेची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच पंखा रेंगाळतो. हमरस्त्यावर वारा फुकट मिळत असताना तो मात्र जिवाच्या आकांताने फिरतो, आणि पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने चौपट फेऱ्यांना चौसष्टपट शक्ती खातो. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती आडवे इंजिन घेऊन. आडव्या इंजिनाच्या पट्ट्याची बाजू चाकाकडे असते, रेडिएटरकडे नसते. त्यामुळे पंख्याला स्वतःची विजेची मोटर देणे भागच होते. या सक्तीतूनच मोठी सोय झाली : पंख्याचा वेग इंजिनापासून सुटला आणि तापमानाशी जोडला गेला. पुढे जुन्या गाड्यांनाही विजेचा पंखा बसवून घेण्याची रीत पडली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. इंजिन चालू आहे तोवर पंखा फिरलाच पाहिजे, ही पट्ट्याच्या काळातली समजूत मात्र गॅरेजांतून उतरलेली नाही. ‘डायरेक्ट’ करणे म्हणजे विजेच्या पंख्याला पुन्हा पट्ट्याला बांधणेच आहे.

नीट बसवलेला पंखा कसा असतो, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असले तर अर्धे काम होते. पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला असावा आणि त्याने हवा जाळीतून खेचावी. त्याच्याभोवती बंदिस्त आवरण हवे. नाहीतर पात्यांसमोरच्या गोल तुकड्यातूनच हवा जाते आणि जाळीचे कोपरे तापलेले राहतात. मोटरीच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या तर पंखा उलटा फिरून हवा पुढे ढकलू लागतो. पंखा फिरताना दिसतो आणि गाडी तरी तापते. असल्या क्षुल्लक चुकीपायी आख्खा रेडिएटर बदलला जाऊ शकतो. म्हणून काम झाल्यावर जाळीपुढे कागद धरून तो चिकटतो का, हे पाहणे शहाणपणाचे. मग येते ती विजेची बाजू. छोट्या गाडीच्या पंख्याची मोटर १२० वॅटची धरली तर १२ व्होल्टला ती १० अँपिअर प्रवाह घेते, आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या काही पट. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक खटक्यातून न्यायचा नसतो. तो बॅटरीकडून फ्यूजमार्गे रिलेत आणि रिलेतून मोटरीत जातो. रिलेला उठवायला अँपिअरचा पाचवा हिस्साही पुष्कळ होतो. हा छोटा प्रवाह जोडायचे-तोडायचे काम रेडिएटरच्या टाकीत बसवलेला थर्मो स्विच करतो. साधारण ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅट उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडतो; तेवढ्यानेही भागले नाही आणि कूलंट ९५ अंशांच्या आसपास पोहोचले की स्विच पंखा चालू करतो, आणि चार-पाच अंश उतरले की बंद. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, मोटर वाचवायला नव्हे; तो वारंवार उडतो म्हणून जाड फ्यूज घालणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे बॉनेटखाली आगीची तयारी करून ठेवणे. आणि अर्थिंग. खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर हिरवट थर चढतो, दीड-दोन व्होल्ट तिथेच गळतात आणि चांगली मोटर मरतुकडी फिरू लागते. पॉलिश पेपरने घासून पुसण्याचे हे काम आहे. ते न करता ‘मोटर वीक झाली’ असा निदानाचा शेवट होतो.

आता ‘डायरेक्ट’वाल्यांचा मुख्य मुद्दा. स्विच आणि सेन्सर दगा देतात, ते म्हणतात. ऐन गर्दीत स्विचने हात वर केले तर इंजिन जाते, त्यापेक्षा पंखा सतत फिरलेला बरा. भीती खोटी नाही. थर्मो स्विच खराब होतात, त्यांचे कनेक्टर गंजतात. पण स्विचवर फोडली जाणारी बरीच खापरे दुसऱ्याची असतात. हा स्विच कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच त्याला तापमान कळते. कुठल्या तरी होज पाइपमधून किंवा वॉटर पंपाच्या सीलमधून थेंब-थेंब गळती होत असते, पातळी उतरते, स्विच उघडा पडतो आणि वाफ-हवेच्या पोकळीत राहून खोटे बोलतो. इंजिन उकळत असते, पंखा गप्प. मेकॅनिक वायर जोडून पाहतो, पंखा फिरतो, आणि स्विच गुन्हेगार ठरतो. गळती तशीच राहते. थोड्या दिवसांनी त्याच गाडीचे हेड गॅस्केट उडते, तेव्हा पंखा अखंड फिरतच असतो. तीच गोष्ट रेडिएटरच्या झाकणाची. ते ०.९ बारच्या आसपास दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी १०० अंशांऐवजी १२० च्या जवळ उकळते. त्याचे रबर कडक झाले, दाब सुटू लागला की कूलंट आधीच उकळते. पंखा कितीही फिरवला तरी हे वीस अंश परत मिळत नाहीत. आणि कूलंटच्या जागी नळाचे पाणी हा तर नित्याचा प्रकार. भांडुप संकुलात शुद्ध होणारे पाणी मुंबईला पाजण्यासाठी उत्तम आहे. ॲल्युमिनियमचे हेड आणि रेडिएटर गंजू नये म्हणून लागणारी रसायने त्यात नसतात, नसलीच पाहिजेत. थोडक्यात, पंखा वेळेवर न लागणे हे पुष्कळदा लक्षण असते, आणि ‘डायरेक्ट’ केल्याने ते दिसेनासे होते.

शिवाय ज्या बिघाडाला घाबरून हे केले जाते, तोच बिघाड त्याने जवळ येतो. पंख्याची मोटर ब्रशवर चालणारी असते आणि काही मिनिटे चालून थांबायचे, असा तिचा दिनक्रम धरून ती बनवलेली असते. सकाळी थंड इंजिनापासून रात्री चावी काढेपर्यंत ती फिरत राहिली, तर ब्रश आणि बेअरिंग कितीतरी लवकर झिजणार. ती बंद पडते तेव्हा कोणाला कळत नाही. पंखा सतत चालू आहे या भरवशावर काट्याकडे पाहायची सवयच सुटलेली असते. अल्टरनेटरवरचा भार वेगळा. गाडी उभी असताना अल्टरनेटर आधीच कमी वीज देतो. त्यात एसीचा ब्लोअर, दिवे, वायपर आणि बारा महिने फिरणारा पंखा. पावसाळ्यात तर ही जोडणी सरळ घातक ठरते. लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा स्टेशनच्या बाहेर पाणी भरते आणि बंपरपर्यंतच्या पाण्यातून गाडी काढायची वेळ येते. पंखा तापमानावर चालत असेल तर थंड पाण्याच्या संपर्कात तो बहुधा थांबलेला असतो. ‘डायरेक्ट’ पंखा पाण्यातही फिरायचा हट्ट धरतो. पाती वाकतात, पुढे झुकून रेडिएटरला घासू शकतात, मोटर अडते, फ्यूज उडतो किंवा, जाड फ्यूज असेल तर, वायर वितळते. पाण्यातून सुखरूप बाहेर पडलेली गाडी पुढच्या सिग्नलला तापून बसते, आणि दोष पावसाला दिला जातो.

मग डॅशबोर्डवरचा खटका? चालकाच्या हातात नियंत्रण राहते, असा त्याचा बचाव. स्वयंचलित व्यवस्था शाबूत ठेवून, तिच्या जोडीला, रिलेमार्फत असा खटका दिला तर मला काहीच आक्षेप नाही; घाटात किंवा सेन्सर बिघडल्यावर घरी पोहोचण्यापुरता तो कामी येतो. पण बहुतेक गाड्यांत तो जोडीला नसतो, बदली असतो. गाडी घरातली दोन-तीन माणसे चालवतात, कधी भाड्याचा ड्रायव्हर असतो, सर्व्हिसिंगचा मुलगा असतो. खटका आठवणीने दाबायचे काम यांतल्या प्रत्येकावर टाकून इंजिनाची जोखीम पत्करणे हा व्यवहार मला तरी पटत नाही.

‘डायरेक्ट’ करण्याचाच जुळा भाऊ म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. आपला देश गरम, थर्मोस्टॅट थंड मुलखासाठी, असे त्याचे समर्थन केले जाते आणि ते ऐकायला बरोबर वाटते. पण बाहेर ३५ अंश असले तरी इंजिनाला हव्या असलेल्या ८५-९० पासून ते पन्नास अंश खालीच आहे. थर्मोस्टॅट नसलेले आणि पंखा सतत फिरणारे इंजिन छोट्या फेऱ्यांत गरम व्हायलाच वेळ घेते. इंजेक्शन असलेल्या गाडीत नियंत्रक ते थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज घटते, तेल लवकर खराब होते, सिलिंडरची झीज वाढते आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. पीयूसीत गाडी नापास होते तेव्हा प्लग बदलले जातात, इंजेक्टर धुतले जातात; पंख्याच्या वायरीकडे कोणाची नजर जात नाही.

नव्या गाड्यांत हे सगळे आपोआप असते, तेव्हा हा वाद जुन्या गाड्यांपुरता आहे, असेही कोणी म्हणेल. उलट, एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तो अधिक गंभीर होतो. तिथे पंखा इंजिनाच्या संगणकाच्या हुकमावर, कधी दोन वेगांनी तर कधी हवा तितका कमी-जास्त फिरतो; एसीचा दाब, गाडीचा वेग, कूलंटचे तापमान हे सगळे पाहून. तापमानाचा सेन्सर गेला तर अनेक गाड्यांत संगणक स्वतःच पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवतो आणि डॅशबोर्डवर दिवा लावतो. म्हणजे ‘डायरेक्ट’ची आपत्कालीन सोय कारखान्यानेच दिलेली आहे, फक्त ती तात्पुरती आहे आणि दुरुस्तीची आठवण करून देणारी आहे. सीएनजी बसवलेल्यांनी तर कूलंटकडे दुप्पट लक्ष द्यावे. गॅसचा दाब उतरवताना रेग्युलेटर गारठतो, म्हणून त्याला इंजिनाचे गरम कूलंट फिरवून ऊब दिली जाते. हा पाइप जोडताना आत हवा अडकून राहिली तर गाडी तापते, आणि पुन्हा बळी जातो तो पंख्याच्या स्विचचा. विजेच्या गाड्या आल्या की हा विषयच संपेल, असे समजणाऱ्यांनीही घाई करू नये. बहुतेक विजेच्या मोटारींतही रेडिएटर आणि पंखा असतोच.

पैशाचा आक्षेप मी हलका मानत नाही. रिक्षा, टॅक्सी, टेम्पोवर घर चालवणाऱ्याला गाडी अर्धा दिवस उभी ठेवणे म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई घालवणे. मेकॅनिकचीही बाजू आहे : गिऱ्हाईक समोर उभे राहून घड्याळ दाखवते, गळती शोधायला लागणाऱ्या तासाभराचे पैसे द्यायला तयार नसते, आणि स्विच हवा त्या तापमानाचा मिळेलच असे नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आलेला दुसऱ्याच गाडीचा पंखा बसवायचा तर मोटर किती अँपिअर घेते हे मोजायला हवे, ते कोण मोजतो? पण खर्चाचा हिशेब पुरा करावा. रिले, फ्यूज, स्विच आणि चांगली वायर यांची एकत्र किंमत हेड काढून गॅस्केट बदलण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे; हेड वाकून लेथवर न्यावे लागले तर तुलनाच नको. आणि कौशल्याची उणीव म्हणावी तर या पट्ट्यात ती नसावी. १९५८ पासून सीएटचे टायर जिथे बनत आले, एशियन पेंट्सपासून किती तरी कारखान्यांच्या भोंग्यांवर ज्या वस्त्यांचे दिवस चालले, त्या भांडुपने फिटर, टर्नर, वायरमन पिढ्यानपिढ्या पाहिले आहेत. मल्टिमीटर हाती घेऊन व्होल्ट कुठे गळतात हे शोधणारा माणूस इथे अजूनही सापडतो. त्याच्या वेळेला आपण मोल देत नाही, म्हणून तोही मग सोपी वाट धरतो.

या कामाला कोणी नियम लावू पाहील तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ फारसे उपयोगी पडणार नाही. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला ते मनाई करते. पंख्याची जोडणी त्या तपशिलांत येत नाही. नवा कायदाही मी मागत नाही. दोन लहान गोष्टी मात्र सहज होऊ शकतात. पहिली गिऱ्हाइकाच्या हातातली : बिलावर ‘फॅन दुरुस्ती’ असे मोघम न लिहिता काय बदलले, फ्यूज किती अँपिअरचा घातला आणि मूळ स्विच चालू आहे की काढला, हे लिहून मागायचे. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यासाठी तर हा कागद सोन्याचा. दुसरी सरकारच्या हातातली. पीयूसी केंद्रावर पेट्रोल आणि सीएनजी गाडीची तपासणी इंजिन गरम असताना, ते नुसते चालू ठेवून व्हायची असते. पंखा आपोआप लागतो आणि आपोआप थांबतो का, हे पाहायला नेमकी हीच स्थिती लागते. प्रमाणपत्रावर एक रकाना वाढवावा, आणि तोही नापास करण्यासाठी नव्हे, नुसत्या नोंदीसाठी. यावर केंद्रचालक म्हणतील की पंखा लागायची वाट पाहत बसलो तर रांग वाढेल. वाढेल, एसी बंद ठेवून थांबले तर गाडीमागे काही मिनिटे. वडाळ्याच्या आरटीओत पंधरा वर्षांची खासगी गाडी पुनर्नोंदणीला येते किंवा टॅक्सी योग्यता प्रमाणपत्राला येते, तिथे तरी एवढा वेळ नक्कीच आहे; पीयूसीचे जमत नसेल तर सुरुवात तिथून करावी.